रबाळे, रात्रपाळी, सातवा ठिपका

शंभर मिलिलिटर म्हणजे नेमकं किती
हे खोकल्याच्या बाटलीला कधीच नीट ठाऊक नसतं.
नव्व्याण्णव पूर्णांक सात, शंभर पूर्णांक दोन,
मग एकदम नव्व्याण्णव पूर्णांक चार.
दर पंधरा मिनिटांनी मी पाच बाटल्या उचलते,
वजन करते, घनतेने भागते, सरासरी काढते
आणि हिरव्या तक्त्यावर एक ठिपका देते.

पहिल्या वर्षी मी फार कष्टाळू होते.
ठिपका खाली गेला की पंपाचा स्क्रू पाव फेरा उजवीकडे,
वर गेला की पाव फेरा डावीकडे.
रात्रभर उजवीकडे, डावीकडे,
आणि सकाळी तक्ता बघावा
तर एखाद्या हिवतापाच्या पेशंटचा.
गणित मांडल्यावर कळलं:
त्यातलं निम्मं विचलन माझ्याच मनगटाचं होतं.

हसुराम भोईर कन्व्हेयरपाशी स्टुलावर बसून
हे सगळं बघायचा. एकदा म्हणाला,
"मीठ जमताना पानी हलवाचा नाय, बाय."
बस, एवढंच. मग त्याने गोणीभर झाकणं हॉपरमध्ये ओतली.

त्याच्या बापाचं मिठागर रस्त्यापलीकडे, ऐरोलीच्या अंगाला.
आता तिथे सेक्टर आहेत, एक बँक, दातांचे दोन दवाखाने.
उधाणाला उघाडी काढायची,
पाणी या कोंडीतून त्या कोंडीत, उन्हाच्या हिशेबाने,
आणि बाप जिभेच्या टोकावर ठरवायचा
आज सोडायचं की उद्या.
त्यालाही वरची मर्यादा होती, खालची होती.
फक्त कुठे लिहिलेली नव्हती.

मी शिकले हळूहळू.
दोन तुटक रेषांच्या मध्ये ठिपके नाचत असतील
तर नाचू द्यायचे.
पाठीमागे हात बांधून उभं राहणं हेही काम आहे,
हे मॅनेजर खासनीसांना पटवायला
तीन मीटिंगा लागल्या.

मग ही जानेवारीतली रात्र.
चार वाजल्यापासून ठिपके मधल्या रेषेखाली,
मर्यादेच्या आतच, शहाण्यासारखे, एकामागे एक.
चार. पाच. सहा.
साडेपाचला सातवाही खालीच.
ओरडणारा त्यांत एकही नव्हता,
तरी सगळे मिळून काहीतरी सांगत होते.

माझ्या मॉडेलमध्ये दाब होता, पंपाचा वेग होता,
साखरेचं प्रमाण होतं, आणि सगळ्यात शेवटी
"उरलेलं" म्हणून एक अक्षर,
ज्यात न कळलेलं सगळं मी कोंबून ठेवते.
मी समीकरणाकडे बघत बसले.
हसुराम दाराकडे बघत होता.
त्याने हातमोजा काढला, पाइपवर तळवा ठेवला
पोरीचा ताप बघावा तसा,
आणि म्हणाला, "गार."

चारला ट्रक लागतो. लोडिंगचं शटर वर जातं
आणि ते खाली ओढणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही.
पारसिकच्या डोंगरावरची थंडी सरळ आत येते,
पाइपातलं सिरप जडावतं,
पंप तेवढ्याच जोराने ओढतो
आणि येतं जरासं कमी.
अर्धा मिली. चमच्याच्या टोकावर मावेल एवढं.

शटर खाली. पाइपला गोणपाट, वरून सुतळी.
स्क्रूला कुणी बोट लावलं नाही.
सव्वासहा: शंभर पूर्णांक एक. साडेसहा: नव्व्याण्णव पूर्णांक आठ.
पुन्हा वर, पुन्हा खाली, कसलाच अर्थ नसलेले ठिपके,
आणि त्या निरर्थकपणाने मला इतकं बरं वाटलं
की कॅन्टीनचा पाणचट चहा मी दोनदा घेतला.

तक्त्यावर कारणासाठी इंचभर रकाना असतो.
मी लिहिलं: शटर उघडं, पाइप गार.
सही घ्यायला गेले तर हसुराम
कुंपणापाशी उभा, खाडीच्या दिशेला तोंड करून,
ओठांवरून जीभ फिरवत.
"आज उधानाचा पानी," म्हणाला.
मी पेन उघडून उभी राहिले.
हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते सुचेना.