प्रतवारी

तासगावात शुक्रवारी सात वाजता
आमच्या पुढच्या खोलीत प्रार्थना असते.
सतरंजी एकच. जास्त माणसं आली
तर दारातल्या चपला सरकवून तिथं पोतं टाकतो.
परवा पोत्यावर हवालदार बसला.

म्हणजे आधी उभा होता.
याकोबमामा आमेन म्हणेपर्यंत थांबला, हे कबूल करायला हवं.
टोपी काखेत. मग म्हणाला, अर्ज आलाय,
कुणी दिला ते विचारू नका,
नावं लिहून न्यायचीत. नाव, वय, धर्म.
त्याचं पेन उठेना, म्हणून इस्राएलनं दप्तरातलं दिलं.

मी दिवसभर बेदाणा निवडते.
शेडमध्ये पट्ट्याच्या दोन्ही अंगांना आम्ही चाळीस बायका.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली बुट्टीत.
एकाच वेलीचे असतात, कधी एकाच घडाचे.
कुणाला ऊन लागलं, कुणाला गंधकाची धुरी,
त्यावर भाव.
बोटांना खोड अशी लागलीय
की घरी तांदूळ निवडतानाही हात रंग शोधतो.

नावं सुरू झाली.
याकोब होवाळ, एकाहत्तर, ख्रिस्ती.
मामांना ऐकू कमी येतं, ते सगळंच ओरडून सांगतात.
गल्लीला कळलं.
सुवार्ता, एकोणीस, ख्रिस्ती.
पलीकडच्या मालनकाकी, ज्या फक्त गुडघ्यासाठी
प्रार्थना करून घ्यायला येतात,
पदर ओढून म्हणाल्या, मी आपली बसायला आलेली.
कुणी हसलं नाही.

मग मी.

बाप्तिस्म्याच्या वहीत रूथ.
शाळेच्या दाखल्यावर शेवंता, आणि खालच्या रकान्यात
बापानं सांगितलेला धर्म, जात, जशीच्या तशी.
ती खोडली तर पोरीची फी कोण भरणार?
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सांगलीत.
कायद्याचं म्हणणं असं, की देव बदलला
की गावकुसाबाहेरचं घर आपोआप आत येतं.
आमचं अजून तिथंच आहे.
पाळकांना ठाऊक आहे. या विषयावर ते उपदेश करत नाहीत.

आणि आमच्यातही पट्टा आहेच.
सुवार्ताला स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईनं
आधी स्तोत्र म्हटलं, मग चहा घेतला,
मग हळूच विचारलं,
तुम्ही मूळचे कुठले?
गाव विचारत नव्हती ती.

"ताई, धर्म?"

तेवढ्या वेळात मला पेत्र आठवला.
आवारातली शेकोटी, थंडी,
आणि ती दासी, तूही त्याच्यातलाच ना, म्हणणारी.
लहानपणी मला त्याचा फार राग यायचा.
त्याला सासू होती, एवढं शास्त्रात आहे.
पोरं होती का, त्यांची फी कोण भरायचं,
ते लिहिलेलं नाही.

मी म्हटलं, "लिहा, बेदाणा निवडते."
"ते काम झालं. धर्म?"
"पुढचं नाव घ्या आधी."

त्यानं रकाना मोकळा सोडला.
दयेनं की कंटाळ्यानं, मला सांगता येणार नाही.
चहा प्याला. साखर कमी आहे म्हणाला.
इस्राएलचं पेन खिशात तसंच राहिलं.
आता पोरगं चौकीत जाऊन मागतो म्हणतंय,
आणि मी जाऊ देत नाही.

शनिवारी रात्री प्रभुभोजनासाठी बेदाणा भिजत घातला.
द्राक्षरस आम्ही घरीच करतो,
शेडमधून मजुरीत कापून आणलेल्या
खालच्या बुट्टीतल्या काळ्याचा.
शेडचे दिवे रात्रभर जळतात,
म्हणून शेजारचा कोंबडा भलत्याच वेळी आरवतो.
अकरा वाजले असतील. आरवला.
मी हात पाण्यातून काढला नाही.

फुगलेला बेदाणा
लांबून पुन्हा द्राक्षासारखा दिसतो.