तिसरा पाय

फोटो नीट बघा.
बूट दोनच दिसतील.
त्यांच्या मागे लोखंडाचा एक तिसरा पाय होता,
तो मी खोडला.
प्लॅट नदीच्या काठी, डेपोसमोर,
क्रूगरच्या स्टुडिओत, माडीवर,
काचेवर पेन्सिल चालवायचे मला
आठवड्याला चार डॉलर मिळत.

माणूस कितीही शूर असो,
आठ सेकंद त्याची मान स्थिर राहत नाही.
म्हणून पाठीमागे स्टँड, स्टँडला आकडा,
आकड्यात डोकं.
अस्वलाशी झोंबलेले,
बर्फात बोटं गमावून बसलेले,
सगळे न्हाव्यापुढे बसावं तसे
मुकाट मान देऊन उभे.

खडक कागदाच्या लगद्याचा.
मागचा डोंगर मी रंगवला.
मी डोंगर पाहिलेला नव्हता, आमच्याकडे
नजर पोचेल तिथवर मका.
एका स्विस कॅलेंडरावरून उतरवला,
गाय तेवढी गाळली.
बंदूक एकच, चाप तुटलेली,
सात जण सात लढायांत
तीच घेऊन उभे आहेत.

हिवाळ्यात खेळाची मंडळी गावाबाहेर तळ देत.
तिकिटं खपत नसत.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही,
हे मालक दर शनिवारी
नव्यानं सुचल्यासारखं सांगायचा.
मग पगाराऐवजी प्रत्येकाला
स्वतःचे एक डझन फोटो. विका आणि जेवा.

अरमिंडा होल्ट. उडता पत्ता मधोमध भोकणारी.
तिचा चष्मा माझ्या एप्रनच्या खिशात होता.
त्याच्याशिवाय तिला
कॅमेरा कुठे आहे तेही कळेना.
लोक म्हणतात, काय नजर आहे,
सगळा माळ दिसतोय तिला.
नाकावरचे दोन लाल वळ
मी पुसले.

लेमुएल प्रॅट टपालगाडी हाकायचा.
खरोखर लुटला गेला, तेव्हा त्यानं
हात वर केले, पेटी दिली,
आणि चोर गेल्यावर
घोड्यांना पाणी पाजलं.
खेळात तो तीन दरोडेखोर मारायचा,
दुपारी तीनला आणि रात्री आठला.
पहिल्या वर्षी हे सांगताना हसायचा.
तिसऱ्या वर्षी मी सहज विचारलं,
त्या पेटीत होतं तरी काय?
म्हणाला, कुठली पेटी?

आणि एली.
पगाराच्या वहीत एली, पोस्टरवर काळा गरुड.
पॉनी होता; घरचं नाव
त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
पोस्टरवर मात्र तो सू होता, कारण
सू मेला की टाळ्या जास्त पडत.
क्रूगरनं आकडा सरकवला.
एलीनं मान दिली,
झाकण निघालं,
आणि त्यानं आरामात
डावीकडे बघितलं, मग उजवीकडे,
जणू कुणाची तरी वाट बघतोय.

क्रूगर ओरडला, काच फुकट गेली!
एली म्हणाला,
दिवसातून दोनदा निपचित पडतो.
तिसऱ्यांदाचे पैसे वेगळे.
पिसांचा टोप काढून त्यानं
खडकावर ठेवला. खडक दबला.
खाली उतरताना जिन्यावर
त्याला खोकल्याची उबळ आली, मग हसूही आलं असावं.
मला नीट ऐकू आलं नाही.

क्रूगर म्हणाला, खरवडून टाक, पुन्हा वापरू.
काच महाग होती.
एक काच मी खरवडली.
लेमुएलची. त्याचे डझन छापून झालेच होते.

एलीची अजून माझ्याकडे आहे.
उजेडापुढे धरली की
कोट दिसतो, गुंड्या मोजता येतात,
कोटावर चेहऱ्याच्या जागी धूर,
आणि धुरातून आरपार तो आकडा,
रिकामा.
खाली पाय तीन, तिन्ही ठळक.
मी पेन्सिलीला टोक काढलं होतं.
मग त्या पेन्सिलीनं
वाण्याचा हिशेब लिहिला.