बोटभर

वूच शहरात, बंद पडलेल्या गिरण्यांच्या मागे
काँक्रीटचे ठोकळे. त्यातला एक, चौथा मजला.
हाल्श्काबाईंनी दार उघडलं,
म्हणाल्या, बूट काढ, तो सकाळपासून बसलाय.

मी दुकानातला माणूस. पिशवीत मेजपट्टी,
लेसरची काडी, नमद्याचे तुकडे
आणि लोकांच्या घरात चुका दिसायची सवय.

इथे तर ढळढळीत.
डावा स्पीकर पुढे, जवळजवळ खुर्चीच्या मांडीवर,
उजवा कोपऱ्यात रुसलेला, रेडिएटरला टेकून.
डाव्याखाली ग्रॅनाइटची लादी, थडगी घडवणाऱ्याकडची,
कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर कोरून सोडलेलं.
टोकदार पायांखाली तांबडी नाणी.

विचारलं नाही काही. त्रिकोण बांधला.
भिंतीपासून सत्तर, सत्तर.
खुर्चीपासून दोन मीटर दहा, दोन मीटर दहा.
तोंडं जराशी आत वळवली.
वायर उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली,
तिला काही फरक पडत नाही, गिऱ्हाइकाला पडतो.

सुई टेकली.
बाई मधोमध उभी, भिंतीपुढे हातभर,
ओठ ओले केलेले ऐकू यावेत इतकी.
मी मनात बिल लिहायला घेतलं.

एवारिस्तने डोळे उघडले नाहीत.
"गेली," म्हणाला.
कोण?
"ती. खिडकीबाहेर जाऊन उभी राहिली.
उणे सहा आहे बाहेर."

हाल्श्काबाईंनी चहा ठेवला, त्याच्या उजव्या हाताशी.
एकतीस वर्षं विणाई खात्यात, त्या मला म्हणाल्या,
यंत्रमागांची रांग कायम डाव्या अंगाला.
कानाची धार तिथेच झिजली.
उरलाय तो चिमूटभर.

त्या चिमटीसाठी नऊ रविवार:
तो खुर्चीत, त्या स्पीकरशी चवड्यांवर.
अजून. अजून बोटभर. थांब.
नाही, मागे. मागे म्हणतोय ना.
खालच्या शेजारणीने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं,
तेही त्याला उजवीकडूनच आलं.

मेजपट्टी गुंडाळली मी.
जुनी जागा शोधावी लागली नाही,
गालिच्यात लादीचा खळगा होता.
लादी. अक्षर वर. नाणी.
डावा पुढे, उजवा पुन्हा रुसायला कोपऱ्यात.
गाणं आता मला
एका कुशीवर निजल्यासारखं, सगळं डावीकडे सांडलेलं.

"आली," तो म्हणाला,
आणि खुर्चीत थोडा सरकला,
कुणाला जागा करून द्यावी तसा.

बिलावर लिहिलं: जागा तपासली, बरोबर आहे.
पैशाचा रकाना कोरा.
बुटांच्या नाड्या बांधत होतो, तेवढ्यात आतून:
"तरी उजवा बोटभर मागे घेतला तर?"
हाल्श्काबाई हात पुसत निघाल्याच होत्या.