प्रिय स्वल्पविराम

परवा चूक झाली.
यादीतल्या रकान्याचं नाव कुणीतरी बदललं होतं
आणि दोनशे चौदा जणांना एकदम पत्र गेलं:
प्रिय ,
आम्हाला तुमची आठवण आली.

पान वाढलंय,
पाटावर कुणीच नाही, तसं.

सदाशिव पेठेतल्या एका खानावळवाल्यांनी उलट टपाली कळवलं:
मीच तो स्वल्पविराम. यंत्र नको.
आपली भेट झालेली नसताना
आठवण कशी काय आली, तेवढं कळवावे.

फडतरे सर हसले नाहीत.
म्हणाले, यापुढे जरा माणसासारखं लिहा.

मी धायरीला, पत्र्याच्या शेडमध्ये,
कणीक मळायची यंत्रं विकते.
म्हणजे विकणारे वेगळे, मी लिहिते:
मेसवाल्यांना, डबे करणाऱ्या बायकांना,
त्यांनी न मागितलेली पत्रं.
त्याआधी अकरा वर्षं छापखान्यात
लग्नपत्रिका तपासल्या.
तीन महिन्यांच्या बाळाच्या तोंडचं
'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'
ऱ्हस्व-दीर्घासकट दुरुस्त केलंय.
उसना जिव्हाळा मला नवा नाही.

पण माणसासारखं म्हणजे कुणासारखं?

शनिवारी सुट्टी होती. कर्वेनगरला गेले.
यादीत एकशे सत्तेचाळीसावं नाव, शालन घोणे,
घरगुती डबे, मुलींच्या हॉस्टेलमागची गल्ली.
तळमजल्याची खिडकी उघडी.
परात दोन पावलांत धरलेली,
उजव्या मनगटाला करडा पट्टा,
कपाळावरचे केस कोपराने मागे सारत
ती मळत होती, मळतच होती.
मी समोरच्या दुकानात
नको असलेला साबण घेतला.

रात्री लिहिलं.
पट्टा लिहिला, परात लिहिली, कोपर लिहिलं.
इतकं चांगलं मी आजवर लिहिलं नव्हतं.
मग ते तिच्या जागी बसून वाचलं.
कोण ही बाई?
कुठून बघत होती?
खिडकीला पडदा का लावतात
ते दीड वाजता लक्षात आलं.
सगळं पुसलं.

सकाळी एवढंच पाठवलं:
शालनताई, मी वैजयंती चिंचणकर.
आमचं यंत्र पाच किलो कणीक बारा मिनिटांत मळतं.
किंमत खाली दिली आहे, हप्ते पडतात.
पहिला आठवडा पोळ्या बिघडतील,
पाण्याचा अंदाज नव्याने बसवावा लागतो.
धुवायची कटकट आहे.
नको असेल तर कळवा, पुन्हा लिहिणार नाही.

सर म्हणाले, 'कटकट' काढा.
म्हटलं, पत्रात तेवढंच तर खरं वाटतंय.
ते चहाला गेले.

चार दिवस काही नाही.
एकाने नाव कमी करायला सांगितलं,
एकाने भाच्यासाठी नोकरी विचारली.
पाचव्या दिवशी, दुपारी दोन चाळीसला,
डबे गेल्यानंतरच्या वेळेला,
ना नमस्कार, ना नाव:
आवाज किती?

दोन शब्द.
मी ते आमच्या माहितीपत्रकात शोधले.
अश्वशक्ती होती, वजन होतं, रंग तीन होते.
आवाज कुणी लिहिला नव्हता.

शेडमधल्या पोरांना लेथ थांबवायला लावलं,
पाच किलो कणीक घातली,
बटण दाबून पलीकडच्या खोलीत गेले,
दार ओढून घेतलं
आणि पोत्यांवर आडवी झाले, डोळे मिटून,
पूर्ण बारा मिनिटं.
तिच्या घरी कोण झोपतं दुपारचं,
म्हातारं, तान्हं, की रात्रपाळीचं,
मला माहीत नाही. विचारणारही नाही.

मग लिहायला बसले.
सवयीने 'प्रिय' आलं, ते खोडलं.
शालनताई, असं लिहून
स्वल्पविराम माझ्या हाताने दिला.
मिक्सरपेक्षा कमी आहे.
दार लावलं तर झोपलेलं माणूस
कूस बदलेल,
उठणार नाही.