बर्फावरची नळी

ही नळी बर्फातच ठेवायची असते,
नाहीतर लाल पेशी गुपचूप आकडा वाढवत बसतात.
सोहारच्या दवाखान्यात अकरा वर्षं
नव्या पोरींना मी हेच सांगत आलेय.
त्या दिवशी कुणाशी बोलले नाही.
नळीवर तुझं नाव होतं: मुबीन तिसेकर, वय एकेचाळीस,
आणि थर्मासात बर्फ मी घरूनच नेला होता.

दोन वर्षं एसी तुला नावानं हाक मारत होता.
बंदरावरच्या क्रेनी रात्री आपलंच बोलतात
म्हणून तू खिडकीला पुठ्ठा लावलास.
सासूबाईंनी ताईत पाठवला,
पार्सलात, सांडग्यांच्या पुडीखाली.
गोळ्यांनी तुला झोप लागली,
आवाजांना नाही.

सुदानची डॉक्टर इक्बाल, जाड भिंगांची,
फाइल मिटून म्हणाली, घरात आणखी कुणी?
तू म्हणालास, नाही.
मी म्हणाले, मामा.
खळ्यातल्या फणसाला बांधून ठेवायचे तो.
मयतीला न्हाऊ घालणाऱ्यांनी पाहिला होता
घोट्यावरचा सुंभाचा वळ.
तू माझ्याकडे असं बघितलंस
जशी मी चुगली केली.

चौऱ्याण्णव.
पंधराच्या आत हवा.
मी पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा.

इक्बालने समजावलं आपल्याला कळेल असं:
पानातलं सत्त्व पोटात उतरतं, रक्तात येतं,
पण त्याच्या कागदावर एक शिक्का राहून जातो.
विमानातून उतरलाय, पासपोर्ट आहे, स्टँपिंग नाही.
मेंदूच्या दारात रांगेत उभा.
तू हसलास.
किती दिवसांनी, ते मी मोजलं नाही,
खोटं कशाला बोलू, मोजलं होतं.

सगळ्यांचं असं नसतं, ती म्हणाली.
बरा होईल असं गावी कळवू नकोस.
मी त्याच रात्री कळवलं.

आठ महिने झाले.
तीन गोळ्या नव्या, जुनी एक अर्धी.
पुठ्ठा निघाला, चिकटपट्टीचा डाग काचेवर आहे.
एसी मात्र तू अजून बंद करून झोपतोस
या भट्टीत,
आणि मी तुझ्या शेजारी घामाघूम,
विचारत नाही.

काल सूकमधून जरजीरच्या चार जुड्या आणल्यास.
पेपर पसरून खुडत बसलास, एकेक पान,
आणि मान वर न करता म्हणालास,
मामाला माठाची भाजी लागायची.
ताटात आधी तीच, ढीगभर.
आई म्हणायची, हा बकरीच्या पोटचा.

एवढी पानं खाल्ली त्याने.

पुढे तू काही बोलला नाहीस.
ऑगस्टात इथे नळाला चहाचं पाणी येतं,
पानं धुता धुता कोमेजतात.
मी उठले, फ्रीजर उघडला,
बर्फ काढला.