खोडरबरचा भुगा

माझी बायको, हिल्का, एक्कावन्नाव्या वर्षी पीएचडीला बसली.
विषय: चित्र काढताना मुलं काय खोडतात.
काय काढतात यावर पुष्कळ झालंय म्हणे,
कपाटंच्या कपाटं भरून.
खोडण्याच्या वाटेला कुणी गेलेलं नव्हतं.

मी शाळेची टॅक्सी चालवतो. कायनूचं जंगल,
तीन वस्त्या, नऊ मुलं,
हिवाळ्यात सकाळी आठलाही दिवे लावून.
संशोधनात माझा वाटा एवढाच, तिला शाळेपर्यंत नेणं
आणि मधूनमधून विचारणं, "किती पानं झाली?"
हे विचारायचं नसतं, ते मला तिसऱ्या वर्षी कळलं.

दर शुक्रवारी ती बाकांवरचा भुगा
कुंचल्याने लोटून काडेपेटीत भरी.
वर नाव नाही, नुसता आकडा:
मूल क्रमांक चार, मार्च, मऊ पेन्सिल.
फ्रीजवर एकशे सव्वीस पेट्या झाल्या.
काड्या सगळ्या एका बरणीत,
आणि त्या ओढायची बाजू संशोधनात.

नैतिकता समितीने विचारलं, हा भुगा कुणाचा?
मुलाचा, शाळेचा, की रबर बनवणाऱ्या कंपनीचा?
अकरा महिने गेले.
स्वयंपाकघरात बसून हिल्का लिहीत राहिली,
"सहभागी कधीही माघार घेऊ शकतो."
बाहेरचा बर्फ काही माघार घेईना.
नऊ घरांतून नऊ सह्या आल्या,
एकीवर कॉफीचा डाग.

मार्गदर्शक त्योर्मानेन बाईंनी दोनशे पानं वाचली
आणि समासात एकच शब्द लिहिला: "म्हणजे?"
दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही,
जणू तो शब्द मीच लिहिला होता.
मग ऐंशी पानं उडवली.
कॉम्प्युटर भुगा सांडत नाही,
याचं तिला खरंच वाईट वाटलं.

चौथ्या वर्षी नगरपालिकेने शाळा बंद केली.
मतदान सात मिनिटांत आटोपलं.
आता तीच नऊ मुलं माझ्याबरोबर त्रेचाळीस किलोमीटर जातात.
हिल्काने तिसऱ्या प्रकरणातला एकेक "आहे" शोधून
त्याचा "होता" केला.

त्याच हिवाळ्यात, सव्विसाव्या किलोमीटरला,
टपालपेट्यांच्या रांगेपाशी,
मूल क्रमांक चार मागून म्हणालं,
"त्या चित्रातलं मी काय खोडलं, सांगू?"
आणि सांगितलं. सहा शब्दांत.
मग म्हणालं, रेडिओ जरा मोठा करा.
मी मोठा केला.
रस्ता निसरडा होता, दोन्ही हात चाकावरच ठेवले.

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला तार्तूहून परीक्षक आले,
काळा कोट, उंच टोपी समोर टेबलावर.
दीड तास सगळं सुरळीत चाललं, आणि मग:
"पान दोनशे चौदा. मूल क्रमांक चार.
कागद फाटेस्तोवर घासलंय. काय होतं तिथे?"
हिल्काने पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला.
"माहीत नाही," ती म्हणाली. "माझी पद्धत तिथे संपते."

शेवटी, रीतीप्रमाणे, तिने सभागृहाला विचारलं:
कुणाला काही म्हणायचं आहे?

मी दुसऱ्या रांगेत होतो, मुठीत टॅक्सीची किल्ली.
सहा शब्द माझ्यापाशी होते.
संमतिपत्र नव्हतं.
मी बुटांकडे बघत बसलो.
तुम्हालाही सांगणार नाही, तुमच्याकडे तरी कुठे आहे?

परतताना डॉक्टर हिल्का कार्पिनेन
मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपली.
"तू काहीतरी म्हणणार होतास," मध्येच डोळे मिटून.
मी म्हटलं, घसरण आहे, बोलू नकोस.

सोमवारी गाडी झाडताना
सीटच्या फटीत राखाडी भुगा सापडला.
व्हॅक्यूम बंद केला.
काडेपेट्या सगळ्या विद्यापीठाच्या तळघरात जमा.
ती चिमूट हातात धरून
अंगणात जरा वेळ उभा राहिलो.
मग साडेसात झाले. मुलं वाट बघत होती.