तीन शनिवार पंखा

साखर पेठेतल्या वाचनालयाची वरची खोली
शनिवारी सहा ते आठ आमची.
खुर्च्या मी लावल्या. पाच रांगा, रांगेत चार,
पुढं टेबल, टेबलावर तांब्या, त्यामागं मी.
एकतीस वर्षं जॅकार्डची कार्डं पाडलीत.
चादरीवरचा मोर कुठं मान वळवणार
हे माझ्या पंचानं ठरवलंय.
एक खोली मांडायची म्हणजे काय मोठं!

फळ्यावर नियमही मीच लिहिले:
आधी हात वर. मग नाव. मग कविता. मग टाळ्या.
ज्याला टाळ्या जास्त, तो पुढच्या रांगेत.

दोन महिन्यांत पुढची रांग ठरून गेली.
सगळ्या कवितांना एकच खोड लागली,
शेवटच्या ओळीआधी थांबायचं,
मान वर करायची,
टाळी वसूल करायची.
हत्तुरे सरांच्या मानेवरचा तीळ मला पाठ झाला
(मधल्या रांगेत बसून बघितलं होतं एकदा),
त्यांच्या बायकोला जाऊन वर्ष झालं
हे मात्र नंतर कळलं, रिक्षात.

नरसम्मा बोद्दूल दाराशी बसायची, चपलांजवळ.
दिवसभर बिड्या वळलेली बोटं पदरात.
वही होती. उघडलेली बघितली नाही.
मी विचारलं नाही.
हात वर नव्हता.

शमीम तेवढी खोलीत नव्हती.
लेकीच्या बाळंतपणाला भिवंडीत अडकलेली.
श्रीशैल तिला व्हिडिओ कॉल लावायचा
आणि फोन टेबलावर ठेवायचा. उताणा.

चौथ्या शनिवारी तिचा नंबर आला.
आवाज वाढवला.
म्हणाली, कवितेचं नाव पंखा.

तीन शनिवार मी तुमचा पंखा बघतेय.
तीन पाती. मधोमध जळमट.
लाइट गेली की कळतं, एक पातं वाकडंय.
आवाज येतात. कुणाचा कुठला, कळत नाही.
पण दाराकडनं कुणीतरी खोकतं,
जसं वाचायच्या आधी घसा साफ करतात तसं,
आणि मग वाचत नाही.
तीन शनिवार.
कोण गं तू?

टाळ्या वाजल्या नाहीत.
खुर्च्या करकरल्या, सगळी खोली मागं वळली.

नरसम्मानं बोटं पदरातनं बाहेर काढली.
तेलुगूत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली,
गुडघ्यांची गर्दी सारत टेबलाशी आली,
फोन उचलून तोंडासमोर उभा धरला.
"मी खोकते. दिसले का?"
"दिसलीस. तंबाखूचाय तो खोकला.
माझ्या आईचा असाच होता. वाच आता."

वाचलं तिनं. फोनला वाचलं, आम्हाला नाही.
हजार बिड्यांतल्या किती मुकादम छाट म्हणून फेकतो
आणि फेकलेल्यासुद्धा कशा विकतो,
त्याचा हिशेब, अगदी बारक्या आवाजात.
ऐकू येईना म्हणून आम्ही पुढं सरकलो,
खुर्च्या ओढत, काही खुर्च्या सोडून.
माझं टेबल कुणीतरी भिंतीला लावलं.
कुणी, ते मी बघितलं नाही.

कार्डात जिथं भोक, तिथला धागा वर येतो.
भोक नाही तो खालीच राहतो,
चादरीच्या पाठीकडनं निघून जातो.
त्यात धाग्याचा दोष नसतो.
हे मला एकतीस वर्षं माहीत होतं.

आता दर शनिवारी मांडणीवरनं भांडण होतं.
हत्तुरे सरांना गोल पाहिजे,
श्रीशैलला सतरंजी, गुडघेवाल्यांना काहीही, पण खुर्ची.
फोन तांब्याला टेकवलेला असतो.
पाणी प्यायला कुणी तांब्या उचलला
की शमीम पालथी पडते आणि आतनं ओरडते.

परवा सगळे गेल्यावर
मी दाराशी बसून बघितलं, चपलांजवळ.
खांब आडवा येतो.
तिथनं फळा दिसतच नाही.